वाशिमला राहायचे की वाशिम सोडायचे?

आपल्या समाजातील नोकरदार तरुण जोडप्यांच्या घरी मूल शाळेत घालायच्या वयाचे झाले की एकच चर्चा सुरू होते. वाशिमला राहायचे, की अकोला, अमरावती, पुणे गाठायचे? नोकरी वाशिम जिल्ह्यात आणि बिऱ्हाड अकोल्यात ठेवून रोज अपडाऊन करणारे शिक्षक, तलाठी, परिचारिका, बँक कर्मचारी आपल्यातही आहेत. हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. आम्ही तसे मानत नाही. बाबासाहेबांच्या संघर्षामुळे ज्यांच्या हाती पगार आला, त्यांनी बिऱ्हाड कोठे थाटावे, हा चळवळीचाही प्रश्न आहे. पोटासाठी वीटभट्टीवर किंवा पुण्याच्या बांधकामावर जाणाऱ्या समाजबांधवांना आम्ही हे विचारत नाही. त्यांना निवड करण्याची मुभाच या व्यवस्थेने ठेवलेली नाही. प्रश्न आहे तो निवड करू शकणाऱ्यांचा.

खेडी सोडून शहराकडे चला, असे बाबासाहेबांनीच सांगितले होते, हे उत्तर आपल्याकडे तयार असते. ते खरेच आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले होते, कारण गावगाड्याने आपल्या माणसांचे काय केले हे त्यांना ठाऊक होते. परंतु त्यांनी आणखी काय केले तेही पाहिले पाहिजे. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापन झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. आणि १९५० साली संस्थेने तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. बाबासाहेबांनी माणसाला शहराकडे जायला सांगितले, तसे शहरात जे मिळते ते मागासलेल्या भागातही नेले. आपण त्यांचा पहिला उपदेश तेवढा घेतला आणि दुसरे काम सोडून दिले.

वाशिम हे काही खेडे नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा काढलेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती आणि वाशिम शहराची ८० हजारांच्या आत. जिल्ह्यातला पाचातला जवळपास एक माणूस अनुसूचित जातीचा. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधानांचे पॅकेज मिळाले, त्यात वाशिम होता. २०१८ साली केंद्र सरकारने नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाच्या उस्मानाबादबरोबर वाशिमचे नाव 'आकांक्षित जिल्हा' म्हणून जाहीर केले. मागासलेपणाला दिलेले हे गोंडस नाव!

तरीही आम्ही म्हणतो की, दहावीपर्यंत मूल वाढवायला हे शहर चांगले आहे. येथे मूल सायकलवर शाळेत जाते. आई नोकरीवर गेली तरी आजी-आजोबा जवळ असतात. घराचे हप्ते निम्मा पगार गिळत नाहीत. मुलाला १४ एप्रिलची मिरवणूक, विहारातील वंदना, वर्षावासातील 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन घराजवळ मिळते. आपण कोण आहोत हे त्याला माणसांतून कळते, मोबाईलवरून कळून घ्यावे लागत नाही.

पण लहान शहर शांत असते म्हणून चांगले, हे सवर्णांचे मोजमाप आपण घेऊ नये. ही शांतता कधी कधी जातीवर पांघरलेले पांघरूण असते. भाड्याचे घर शोधायला निघा. आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग "आमचेच पाहुणे राहायला येणार आहेत" म्हणून हात जोडतात. शेवटी पगार असूनही माणूस पुन्हा आपल्याच वस्तीत येतो. कायदा काय म्हणतो? नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ च्या कलम ४ प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, मिळवण्यास वा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम १२ प्रमाणे पीडित अनुसूचित जातीचा असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नव्हते हे आरोपीला दाखवावे लागते. पण घरमालक जातीचे नाव उच्चारत नाही, साक्षीदार पुढे येत नाही, आणि आपलेही लोक "कशाला नसती कटकट" म्हणून दुसरे घर पाहतात. वापरलाच नाही तर कायदा कागदावरच राहणार.

मग मोठ्या शहरात जात नाही का? २०१६ साली हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात आपण रोहित वेमुलाला गमावले. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवीला गमावले. मोठ्या शहरातल्या सोसायट्याही आडनाव विचारतात, फक्त विचारण्याची रीत सफाईदार असते. जातीपासून पळून जाण्यासारखे शहर या देशात अजून वसलेले नाही. फरक एवढाच की, लहान शहरात अन्याय झाला तर शंभर माणसे तासाभरात पोलीस ठाण्यासमोर उभी राहू शकतात. पण ती शंभर माणसे शहरात राहायला हवीत ना!

हीच खरी अडचण आहे. शिकलेले कुटुंब गेले की त्याच्याबरोबर बरेच काही जाते. शिक्षण हक्क कायद्याने अनुदानित व सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे सांगितले. आपल्यातला शिकलेला पालक स्वतःचे मूल अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये घालतो, तेव्हा वस्तीतल्या शाळेच्या समितीत शिक्षक का येत नाहीत हे विचारणारा उरत नाही. त्याच कायद्याने खाजगी शाळांत २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांच्या मुलांसाठी ठेवल्या. त्याचा अर्ज मजूर बापाला कोण भरून देणार? २०२४ साली वाशिमला १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यात वस्तीतली किती मुले बसतील, हे आठवी-नववीत त्यांचे गणित आणि विज्ञान कोण पक्के करून घेतो यावर ठरेल. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेला. त्या रस्त्याने माणसे नुसती निघूनच जाणार, की काही घेऊन परतही येणार?

इतिहास सांगतो की, वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथून राज्य करणाऱ्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे भिक्खू संघाला दान दिले. या मातीतली संपत्ती एकेकाळी धम्माच्या कामी आली होती. आज आपला पगार कोणत्या कामी येतो?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. उच्च शिक्षणासाठी मुलांना पुण्याला, दिल्लीला, परदेशात खुशाल पाठवा. बाबासाहेबही कोलंबियाला गेले होते. पण दहावीपर्यंत त्यांना येथे वाढवा आणि तुम्हीही येथे राहा. ज्या गावात पगार घेता, त्या गावात दिवा लावा. बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्याला मागितला होता. तो प्रत्येक विहारातल्या अभ्यासिकेला द्या आणि आठवड्यातली एक संध्याकाळ तेथे मुलांना शिकवा. भाड्याचे घर जातीवरून नाकारले गेले तर गप्प बसू नका, तक्रार लिहा. साक्षीला आणि वकिलीला आम्ही उभे राहू.

वाशिम चांगले शहर आहे का, हे आपल्या राहण्यावर ठरणार आहे. बदलीचा अर्ज लिहिण्यापूर्वी एकदा वस्तीतल्या शाळेत जाऊन या, आणि मग सही करा.

जयभीम!