पाणी नाकारलेल्यांचा वाळूचा खड्डा

चवदार तळ्याचा सत्याग्रह वर्गात शिकवताना एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. "सर, पाण्याला असा विटाळ जगात आणखी कुठे होत होता का?" विचारणारे विद्यार्थी बदलतात, प्रश्न तोच राहतो. आरंभीच्या काळात आम्ही त्याचे उत्तर पुस्तकी पद्धतीने देत असू. अमेरिकेतील वर्णभेदाचे कायदे, त्यांची वर्षे, त्यांचे निकाल. ते सारे खरे असूनही मुलांच्या मनापर्यंत पोहोचत नसे. अलीकडे आम्ही या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या चरित्राने देतो. हा माणूस पुढारी नव्हता, विचारवंतही नव्हता. उंचावरून पाण्यात सूर मारणारा तो खेळाडू होता आणि पुढे प्रशिक्षक झाला. त्याचे नाव डॉ. सॅमी ली. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांची आणि त्यांच्या एका शिष्याची कहाणी सांगण्यामागे आमचा काही हेतू आहे. तो ओघाने स्पष्ट होईल.

सॅमी ली यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे झाला. आईवडील कोरियातून स्थलांतरित झालेले. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे ऑलिम्पिक भरले, तेव्हा शहरभर लागलेले देशोदेशीचे ध्वज पाहून या बारा वर्षांच्या मुलाने ऑलिम्पिक विजेता होण्याचे मनाशी ठरवले. वडिलांची इच्छा मुलाने डॉक्टर व्हावे अशी होती. मुलाने पुढे दोन्ही गोष्टी पूर्ण केल्या. परंतु सूर मारण्यासाठी आधी पाणी लागते, आणि अडचण तिथेच होती.

जवळच्या पॅसाडेना शहरातील ब्रुकसाइड उद्यानात सार्वजनिक जलतरण तलाव होता. त्यात गोऱ्यांव्यतिरिक्त इतरांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश मिळे. त्या दिवसाला नाव होते 'आंतरराष्ट्रीय दिवस'. नाव किती उदात्त! तो दिवस सरला की तलावातील सारे पाणी सोडून दिले जाई आणि गोऱ्या नागरिकांसाठी नवे पाणी भरले जाई.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे महाड आठवल्यावाचून राहत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी ओंजळभर पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्यावर हल्ले झाले आणि पुढे तळ्याच्या 'शुद्धी'साठी घागरी भरभरून पंचगव्य ओतले गेले. तेथे पाणी फेकून दिले, येथे पाण्यात शेण आणि गोमूत्र मिसळले. तेथे ना शास्त्री होते ना स्मृतिग्रंथ. मोटारी धावणारे, विजेच्या दिव्यांचे ते आधुनिक शहर होते. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विटाळ पाण्यात नसतो, तो माणसाच्या मनात असतो; त्याला कधी धर्माचा आधार मिळतो, तर कधी आरोग्याच्या नावाखाली नगरपालिकेच्या नियमाचा.

आठवड्यातून एक दिवस म्हणजे या खेळात काय, हे समजण्यासाठी थोडे गणित मांडावे लागेल. दहा मीटर उंचीच्या मंचावरून निघालेला खेळाडू सुमारे दीड सेकंदात पाण्यापाशी पोहोचतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे पन्नास किलोमीटर असतो. एवढ्या अवधीत त्याने हवेत कोलांट्या घ्यायच्या, शरीर पुन्हा सरळ करायचे आणि सुईसारखे पाण्यात शिरायचे. हाताची चूक झाली, अंग किंचित वाकले, तर तेच पाणी फरशीसारखे लागते. अशी उडी एकेका हालचालीची हजारो आवर्तने करूनच साधते. ज्याला सात दिवसांतून एकदाच पाणी मिळते, त्याच्याकडून उरलेले सहा दिवस हिरावून घेतलेले असतात.

हे सहा दिवस परत मिळवून दिले ते जिम रायन या प्रशिक्षकाने. त्यांनी आपल्या घरामागच्या अंगणात खड्डा खणला, त्यात वाळू भरली, वर उडी मारण्याची फळी बसवली आणि सॅमीला वाळूत उड्या मारायला लावल्या. वाळू पाण्यासारखी सांभाळून घेत नाही. तीत डोक्यावर शिरता येत नाही, दर वेळी पायांवरच उतरावे लागते. त्या सरावाने सॅमीच्या पायांत विलक्षण बळ आले. पुढे त्यांच्या उंच झेपेचे कौतुक झाले, त्यामागे ही वाळू होती.

त्यानंतरचा आलेख थोडक्यात असा. १९४२ साली राष्ट्रीय विजेतेपद, ऑक्सिडेंटल महाविद्यालयातून १९४३ साली पदवी, १९४७ साली वैद्यकीय पदवी. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये दहा मीटर मंचावर सुवर्ण आणि तीन मीटरच्या लवचीक फळीवर कांस्य. १९५२ साली हेलसिंकी येथे, आपल्या बत्तिसाव्या वाढदिवशी, दहा मीटरवर पुन्हा सुवर्ण. हे विजेतेपद लागोपाठ दोनदा मिळवणारे ते पहिले पुरुष ठरले. लंडनमध्येच व्हिकी ड्रेव्ह्ज या अमेरिकन महिलेने दोन सुवर्णपदके मिळवली. त्यांचे वडील फिलिपिनो, आई इंग्रज. लहानपणी क्लबात सराव करता यावा म्हणून त्यांना वडिलांचे आडनाव झाकून आईचे आडनाव लावावे लागले होते. शहरात भाड्याची खोली शोधताना आडनाव गिळणाऱ्या आमच्या समाजातील कित्येकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

पदकांनी भेद मिटतो, असे मानणाऱ्यांसाठी पुढचा प्रसंग महत्त्वाचा आहे. लष्करी डॉक्टर म्हणून कोरियात सेवा बजावून परतलेल्या ली यांनी १९५५ साली ऑरेंज परगण्यातील गार्डन ग्रोव्ह येथे घर घेण्याचा प्रयत्न केला. वंशाच्या कारणावरून त्यांना नकार मिळाला. दोन सुवर्णपदके, वैद्यकीय पदवी, लष्करातील हुद्दा, यांतील काहीही दारात कामी आले नाही. वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला, देशभर टीका झाली, तेव्हा कुठे त्यांना घर मिळाले. हा प्रसंग वाचताना १९१७ सालचे बडोदे डोळ्यांपुढे उभे राहते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना तेथील पारशी विश्रामगृहातून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले होते. विद्वत्ता आणि पराक्रम यांना सभेत टाळ्या मिळतात. शेजार मात्र मिळेलच असे नाही.

इथवरची कहाणी शौर्याची आहे. आम्हांला तिच्याहून अधिक मोलाचा वाटतो तो उत्तरार्ध. डॉ. ली कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणून व्यवसाय करीत राहिले आणि त्याच्या जोडीने शिकवू लागले. ज्या ऑरेंज परगण्यात त्यांना घर नाकारले गेले होते, त्याच परगण्यातील सांता ॲना येथील महाविद्यालयात बॉब वेबस्टर नावाचा तरुण शिकत होता. त्याला सूर मारण्याची ओढ होती, पण महाविद्यालयाला तलावच नव्हता. डॉ. लींच्या घरामागच्या अंगणात वाळूचा खड्डा होता आणि त्यावर फळी होती. वेबस्टर त्या वाळूत घडला. १९६० साली रोम येथे त्याने दहा मीटर मंचावर सुवर्ण मिळवले, तेव्हा अमेरिकेच्या डायव्हिंग संघाचे प्रशिक्षक डॉ. लीच होते. १९६४ साली टोकियोत त्याने तेच पदक पुन्हा जिंकले. गुरूनंतर लागोपाठ दोनदा हे विजेतेपद मिळवणारा दुसरा पुरुष त्याचाच शिष्य निघाला.

आणि वेबस्टर यांनी पुढे काय केले? ते महाविद्यालयीन प्रशिक्षक झाले. मिनेसोटा, प्रिन्स्टन आणि अलाबामा येथील विद्यापीठांत त्यांनी मुलांना सूर मारायला शिकवले. डॉ. लींकडेच घडलेला ग्रेग लुगानिस १९७६ साली वयाच्या सोळाव्या वर्षी मॉन्ट्रियलमध्ये रौप्यपदक घेऊन आला. पुढे रॉन ओब्रायन या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याने १९८४ आणि १९८८ अशा दोन्ही ऑलिम्पिकमध्ये दोन-दोन सुवर्णपदके मिळवली. ओब्रायन हेही पूर्वीचे खेळाडू आणि महाविद्यालयीन प्रशिक्षकच. एका अंगणातील खड्ड्याची ही वंशावळ आहे.

या कहाणीचा एक चुकीचा अर्थ लावला जातो, त्याबद्दल सावध करणे आमचे कर्तव्य आहे. जिद्द असेल तर कोणताही अडथळा पार करता येतो, असा उपदेश आमच्या मुलांना प्रत्येक समारंभात ऐकवला जातो. तो ऐकताना असे वाटते की, जे मागे राहिले त्यांच्यात जिद्दच नव्हती. पॅसाडेनाच्या तलावाबाहेर उभ्या असलेल्या किती मुलांना रायन भेटले नसतील? त्यांची नावे कोणत्याही विक्रमपुस्तकात नाहीत. न्यायालयीन लढ्यानंतर तो तलाव १९४७ साली सर्वांना खुला झाला, तेव्हा ली सत्तावीस वर्षांचे होते. महाडच्या तळ्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली दिला. सत्याग्रहाच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल तोवर वीस वर्षांचे झाले होते. न्याय मिळाला, पण बालपण परत मिळाले नाही. म्हणून वाळूच्या खड्ड्याचा गौरव करताना पाण्यावरचा हक्क विसरणे म्हणजे पाणी नाकारणाऱ्यांना माफीपत्र लिहून देणे होय.

आमची निवासी शाळा हा असाच एक खड्डा आहे, असे आम्ही मानतो, आणि हे अभिमानाने म्हणतो. आमच्या लहानपणी गावच्या विहिरीत मुले कंबरेला भोपळा बांधून पोहायला शिकत, मुटके मारत. आम्ही वस्तीतली मुले दुरून पाहत असू आणि ओढ्याच्या डोहात जेवढे जमेल तेवढे हातपाय मारत असू. आज आमच्या वसतिगृहातील मुलांना विहिरीवरून कोणी हाकलत नाही. पण प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान, पोहण्याचा तलाव, हेही पाणवठेच आहेत, आणि त्यांच्यापर्यंतची वाट अजून सर्वांना सारखी नाही. शाळा आपल्या परीने खणते, वाळू भरते, फळी बसवते. याचा अर्थ शासनाने आणि समाजाने तलाव खुला करण्याची जबाबदारी टाळावी असा नव्हे. खड्डा खणत राहायचे आणि तलावाची मागणीही सोडायची नाही, ही दुहेरी कामगिरी आपल्या वाट्याला आली आहे.

दुसरी गोष्ट आपल्या आतली आहे. काही हितचिंतक विचारतात, "संस्था आपली, कष्ट आपले, मग इतर समाजांतील मुलांना प्रवेश कशासाठी?" त्यांची वेदना आम्ही जाणतो. परंतु वेबस्टर गोरा होता, हे त्यांनी लक्षात घ्यावे. ज्या वर्णाने डॉ. लींना पाणी नाकारले, त्याच वर्णाचा मुलगा पाण्याविना आला, तेव्हा त्यांनी त्याला अंगणात घेतले. मैत्री हा शब्द आपण रोज वंदनेनंतर उच्चारतो. तिचा अर्थ याहून वेगळा काय असणार? जे मूल तहानलेले आहे ते आपले, एवढी एकच अट आपल्या दारी असावी.

तिसरी गोष्ट माजी विद्यार्थ्यांसाठी. १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी खंत व्यक्त केली होती. ती आजही आपल्या मानेवर आहे. आपल्या घरांत मुलाने डॉक्टर, इंजिनिअर, अधिकारी व्हावे असे वाटते. तो खेळाचा शिक्षक झाला तर आईवडिलांना कमीपणा वाटतो. दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवलेल्या माणसाला महाविद्यालयात शिकवण्यात कमीपणा वाटला नाही. डॉक्टर असलेल्या त्याच्या गुरूला दवाखाना सांभाळून अंगणात उभे राहणे जड गेले नाही. आम्ही माजी विद्यार्थ्यांकडे देणगी मागत नाही, असे नाही, ती लागतेच. पण त्याहून अधिक आम्हांला त्यांचा वेळ हवा आहे. आठवड्यातून एक दिवस येऊन कोणी गणित शिकवावे, कोणी इंग्रजी, कोणी धावण्याचे तंत्र. ज्या 'एका दिवसा'ने सॅमी ली यांचा अपमान केला, तोच एक दिवस आपण मुलांना सन्मानाने देऊ शकतो.

डॉ. ली २ डिसेंबर २०१६ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी वारले. लॉस एंजेलिसमधील एका सार्वजनिक शाळेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. तेथे कोणत्याही वर्णाचे मूल कोणत्याही दिवशी जाऊन बसू शकते. पुढच्या मार्चमध्ये वर्गात तोच प्रश्न पुन्हा येईल. उत्तर सांगून झाल्यावर आम्ही मुलांना उलट एक प्रश्न विचारणार आहोत: तुम्ही मोठे झाल्यावर कोणासाठी खड्डा खणाल?