तिकीट हेही एक मतच आहे

दर शुक्रवारी नवा सिनेमा लागतो आणि घरात प्रश्न निघतो, जायचं की नाही? चार जणांची तिकिटं काढली की महिन्याचा हिशोब हलतो. म्हणून निवड विचार करूनच व्हायला हवी.

आपण बदनामी करणाऱ्या सिनेमांवरच जास्त बोलतो. ‘द केरला स्टोरी’तल्या ३२ हजारांच्या आकड्याला विश्वासार्ह आधार नाही, असा खुलासा सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये पडद्यावर टाकायला लावला. तरीही सिनेमा जोरात चालला.

मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये नीरज घेवान यांचा ‘होमबाउंड’ लागला, तेव्हा आपल्यापैकी किती जण गेले? शोएब आणि चंदन, एक मुस्लिम, एक दलित. दोघांना पोलिसात भरती व्हायचंय, मग लॉकडाऊन लागतो. २०२० मध्ये सुरतहून गावी निघालेल्या दोन मित्रांच्या खऱ्या घटनेवर तो बेतलेला आहे. कान महोत्सवात गाजला, भारताने ऑस्करला पाठवला, पण थिएटरात गर्दी झाली नाही.

पहिल्या तीन दिवसांचा गल्ला बघून शो वाढतात किंवा उतरतात. ‘ओटीटीवर बघू’ म्हणणारा त्या हिशोबात येतच नाही.

आम्ही मुलांना नेण्याआधी दोन गोष्टी बघतो. सर्टिफिकेटवर ७, १३ की १६ वर्षांची अट आहे? आणि मुस्लिम पात्राला घर, रोजगार, दोस्त आहेत, की नुसती दाढी आणि पिस्तूल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चांगलं असेल, तर पहिल्याच आठवड्यात जा. नंतर हळहळून उपयोग नाही.