मावळची बोली आणि गोनीदा

अरबी भाषेत वाढलेल्या ताहर बेन जेलून या मोरोक्कन कादंबरीकाराने, ज्यांनी आपल्या मुलखावर अंमल गाजविला त्या फ्रेंचांच्याच भाषेत लेखन करून १९८७ साली गोंकूर पारितोषिक मिळविले, हे ध्यानात घेतले म्हणजे जन्माने न लाभलेल्या वाणीत एखाद्या भूमीचे अंतःकरण उतरते काय, हा प्रश्न उभा राहतो. माझ्या मते त्याचे निःसंदिग्ध उत्तर मावळातच आहे.

विदर्भात परतवाड्यास १९१६ साली जन्मलेले आणि कोवळ्या वयात स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने घर सोडलेले गोपाळ नीलकंठ दांडेकर, म्हणजेच गोनीदा, तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले, आणि गडकोटांवर अखंड पायपीट करीत त्यांनी मावळी बोली अशी आत्मसात केली, की ‘पवनाकाठचा धोंडी’मधील, तुंगच्या हवालदारीचा वडिलोपार्जित अभिमान उराशी धरणारा धोंडी कोणा परमुलखातील लेखकाच्या लेखणीतून उतरला, हे सांगूनही खरे वाटू नये. ‘माचीवरला बुधा’ तर त्याहून थोर. मुंबईची गिरणी सोडून राजमाचीवर परतलेला तो वृद्ध, तेथील झाडे, पाखरे आणि एकांत यांच्याशी जे नाते जोडतो, त्याइतके निर्मळ निसर्गचित्र मराठीत विरळा. १९७६ चा साहित्य अकादमी सन्मान ‘स्मरणगाथे’स लाभला, माझा कौल मात्र बुधालाच.

लोणावळ्यास पावसाळ्यात लोटणाऱ्या सुशिक्षितांनी राजमाचीची वाट धरण्यापूर्वी ही छोटी कादंबरी अवश्य वाचावी, आणि मावळातील प्रत्येक शाळेने ती आपल्या ग्रंथालयात ठेवावी.