आधी प्रश्न कळू द्या

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या अंगावर चरबी कमी असते. अंगातली ऊब पटकन निघून जाते आणि नुसता गारवाही जिवावर बेतू शकतो. २००७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात काही विद्यार्थ्यांना याच विषयावर काम मिळालं : नेपाळसाठी स्वस्त इन्क्युबेटर तयार करा. तिथल्या डिझाइन संस्थेच्या या अभ्यासक्रमात अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचे विद्यार्थी एकत्र शिकतात.

यंत्रातले भाग कमी करून किंमत उतरवता आली असती. पण गटातला एक जण काठमांडूला गेला. तिथल्या रुग्णालयात देणगीतून आलेले इन्क्युबेटर रिकामे होते. खेड्यांत जन्मलेली अनेक बाळं तिथवर पोहोचतच नव्हती. अडचण केवळ किमतीची नव्हती. अंतराची आणि विजेचीही होती.

त्यातून ‘एम्ब्रेस’ ही बाळाला झोपवायची छोटी पिशवी आली. तिच्यात मेणासारख्या पदार्थाचं पाकीट असतं. ते तापवलं की पदार्थ वितळतो आणि पुन्हा गोठताना उष्णता सोडत काही तास सुमारे ३७ अंश तापमान टिकवतो. तेवढा वेळ वीज लागत नाही. आईच्या छातीशी मिळणाऱ्या उबेला हा पर्याय नव्हे, जोड आहे. पुढे हा गट बेंगळुरूला येऊन काम करू लागला.

यातलं विज्ञान कोणतं? दहावीच्या पुस्तकातला अप्रकट उष्मा! तो आपल्या मुलांनाही पाठ असतो. पण तो कुणाच्या उपयोगी पडेल, हे पाहायला त्यांना कोण पाठवतं? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प यादीतून निवडला जातो, कधी चक्क विकतही आणला जातो.

आयआयटी मुंबईत औद्योगिक डिझाइनचं केंद्र १९६९पासून आहे. तरीही डिझाइन म्हणजे वस्तू देखणी करणं, हा समज अभियांत्रिकी महाविद्यालयांतून गेलेला नाही. ‘अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे,’ ही प्राध्यापकांची तक्रार खोटी नाही. गणित आणि भौतिकशास्त्र कमी करून डिझाइन शिकवावं, असंही कुणी म्हणू नये. उष्णतेचं शास्त्र कच्चं असतं, तर ती पिशवी झालीच नसती.

मागणी छोटी आहे. दुसऱ्या वर्षी प्रत्येक गटाने आठवडाभर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसावं. परिचारिकेचं काम कुठे अडतं, ते पाहावं आणि लिहावं. यंत्र नंतर करू द्या. आधी नेमका प्रश्न शोधल्याचे गुण द्या.