क्रीडांगण बांधताना काटकसर कोठे करावी?

समजा, पनवेलला एक मोठे क्रीडांगण बांधायचे ठरले आणि पैसा अपुरा पडू लागला. मग काय गाळावे? काही आसने, छत, की मैदानाखालचे निचऱ्याचे नळ? प्रश्न पैशाचा दिसतो. पण उत्तरासाठी विज्ञान लागते.

प्रथम पावसाचा हिशेब करू. पनवेलला वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. मैदानाची त्रिज्या ७० मीटर धरली, तर क्षेत्रफळ सुमारे १५,४०० चौरस मीटर भरते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर या मैदानावर १५ लाख ४० हजार लिटर पाणी पडेल! त्यातच खाडीला भरती असली, तर ते लवकर ओसरत नाही. म्हणून मैदानाखाली खडी-वाळूचे थर व छिद्रांचे नळ घालतात. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून त्याला कात्री लावण्याचा मोह होतो. पण हिरवळ उगवल्यावर तेच काम करायचे, तर सारे मैदान पुन्हा उकरावे लागते.

आता छताचे पाहू. खांबांवरचे छत स्वस्त पडते, पण खांब खेळ झाकतात. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये असे खांब आड येत नाहीत. तेथील छत खिडकीवरच्या छज्जाप्रमाणे एकाच बाजूने धरलेले आहे. अशा छताची लांबी दुप्पट केली, तर स्वतःच्या भाराने त्याच्या मुळाशी येणारा वाकवणारा ताण चौपट होतो. खर्च वाढतो तो यामुळे.

मग छतच नको, असे म्हणावे काय? पनवेलजवळ कळंबोलीला सुरू होणाऱ्या द्रुतगती मार्गालगत, पुण्याच्या बाजूला, गहुंजे येथे २०१२ साली क्रिकेटचे स्टेडियम खुले झाले. तेथील बहुतेक आसनांवर छत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत-न्यूझीलंड कसोटीच्या पहिल्याच दिवशी तेथे पिण्याचे पाणी संपले आणि प्रेक्षक भर उन्हात तहानलेले राहिले. संयोजकांना माफी मागावी लागली. आपले शरीर घामावाटे थंड राहते. घामासाठी पाणी हवे आणि उन्हाचा ताप कमी व्हायला सावली हवी. त्यांना चैन कसे म्हणता येईल?

मग बचत कशात करावी? माझ्या मते, आसनांच्या संख्येत. मुंबईच्या वानखेडे स्टेडियमची २०११ च्या विश्वचषकापूर्वी पुनर्बांधणी झाली, तेव्हा आसने सुमारे ४५,००० वरून सुमारे ३३,००० वर आणली गेली; बसणाऱ्यांना मात्र अधिक ऐसपैस जागा मिळाली. आसने पुढे वाढवता येतात. जमिनीखालचा निचरा, पाण्याची सोय आणि सावली मात्र पहिल्याच आराखड्यात हवी.

येत्या पावसाळ्यात शाळेचे मैदान मोजा, वर्तमानपत्रातून पावसाचा आकडा घ्या आणि मैदानावर किती लिटर पाणी पडले ते काढा. ते पाणी कोठून वाहून जाते, हे मग आपल्या शिक्षकांबरोबर पाहून या.