विसाने भागा, टॅक्सी बनवा!

मुलांनो, आजचं पान वाचण्यापूर्वी एक काम करा. घरात खेळण्यातल्या गाड्या असतीलच. आपल्या नसतील तर धाकट्या भावाच्या डब्यातून घटकाभर मागून आणा. (हिसकावून नव्हे बरं का!) त्यातली एक मोटार घ्या, एक बस घ्या आणि दोन्हींची लांबी पट्टीने मोजा.

आमच्या चौथीच्या वर्गात आम्ही हेच केलं, तेव्हा दोन्ही गाड्या सात-सात सेंटिमीटर भरल्या. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, बस तर केवढी मोठी असते! मग इथं मोटारीएवढीच कशी?"

प्रश्न अगदी रास्त आहे. खरी बस समजा ११ मीटर लांब आणि खरी मोटार ४ मीटर. बस सात सेंटिमीटरची करायची तर ती सुमारे १५७ पट लहान करावी लागते. मोटार मात्र ५७ पट लहान केली की झालं. म्हणजे या दोन खेळण्यांची दोन वेगळी जगं झाली! त्या बसचा ड्रायव्हर खाली उतरून मोटारवाल्याशेजारी उभा राहिला, तर त्याच्या कमरेलाही पोचणार नाही.

असं का होतं, त्याची एक गंमतशीर हकिकत आहे. इंग्लंडमधल्या 'लेझ्नी' या कंपनीचे भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता, की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. मग ओडेल यांनी तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. त्यातूनच १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स' गाड्या बाजारात आल्या. पण खोकं ठरलेलं असलं की गाडीला खोक्याप्रमाणे लहान व्हावं लागतं. बस जास्त आक्रसते, मोटार कमी. खेळायला याने काही बिघडत नाही. पण ज्याला मॉडेल म्हणतात, त्यात हे चालत नाही.

मॉडेल म्हणजे काय? खऱ्या गाडीच्या प्रत्येक मापाला एकाच संख्येने भागायचं. लांबीला, रुंदीला, उंचीला, चाकाला, इतकंच काय, दाराच्या मुठीलासुद्धा. या संख्येला 'प्रमाण' म्हणतात. जगभरचे छंदिष्ट १:१८, १:२४, १:४३, १:६४ अशा प्रमाणांत मोटारी बनवतात. १:२४ म्हणजे खरी गाडी मॉडेलच्या २४ पट मोठी. एकदा संख्या ठरली की मग तिच्याशी बेइमानी नाही!

आता तुम्ही म्हणाल, "बाई, अशा मॉडेलचे तयार संच फार महाग असतात." असतात खरे. पण आपण संच विकत घेणारच नाही. आपल्याला लागेल जुन्या वह्यांचा जाड पुठ्ठा, ड्रॉइंग पेपर, फेव्हिकॉल, पाण्याच्या बाटलीची चार सारखी टोपणं, दोन रिकाम्या रिफिली, अगरबत्तीच्या दोन काड्या, पॉलिश पेपर आणि थोडा रंग. आणि गाडी बनवायची मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी!

पद्मिनीच का, ते सांगते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची. मूळची ही इटलीची फियाट ११००. 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव तिला १९७० च्या दशकात मिळालं. तरी लोक तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी नोंदवली गेली ऑक्टोबर २००३ मध्ये. म्हणजे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला तिचीही मुदत संपली. तुमच्या आईबाबांनी जिच्यातून दादर स्टेशन गाठलं, ती टॅक्सी तुमच्या धाकट्या भावंडांना आता फक्त चित्रात दिसणार. म्हणून म्हणते, ज्यांना ती आठवते अशी माणसं घरात आहेत, तोवर ती बनवून घेऊ या.

चला, मापं लिहून घ्या. पद्मिनीची लांबी ३९३० मिलिमीटर, रुंदी १४६०, उंची १४६८. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर २३४०. टायरसकट चाकाचा व्यास सुमारे ६०० मिलिमीटर.

प्रमाण कोणतं घ्यायचं? इथे एक युक्ती आहे. घरी सगळ्यात अवघड काम म्हणजे चार सारखी, गोल चाकं बनवणं. म्हणून चाकं आयती शोधायची आणि त्यांच्यावरून प्रमाण ठरवायचं. पाण्याच्या बाटलीचं टोपण मोजा. साधारण ३० मिलिमीटर भरेल. ६०० भागिले ३०, उत्तर २०. ठरलं आपलं प्रमाण, १:२०!

हेच टोपण १:२४ च्या गाडीला लावलं असतं तर? ३० गुणिले २४, म्हणजे ७२० मिलिमीटरचं चाक. पद्मिनीला ट्रॅक्टरची चाकं लावल्यासारखी ती दिसली असती. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण 'काहीतरी चुकलंय' हे त्याच्या डोळ्याला लगेच कळतं.

आता सगळ्या मापांना विसाने भागा. लांबी १९६.५ मिलिमीटर, रुंदी ७३, उंची ७३.४, चाकांमधलं अंतर ११७. ही मापं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून समोर टांगा.

पण बाकीच्या मापांचं काय? खिडकी केवढी, दार कुठे संपतं, बॉनेट किती उंच, हे कुठल्याच तक्त्यात मिळत नाही. त्यासाठी अगदी बाजूने काढलेला एक फोटो मिळवा. तिरका नको. त्या फोटोत दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. समजा ते ७८ मिलिमीटर आलं. आपल्याला हवं ११७. ११७ भागिले ७८, म्हणजे दीड. झालं! फोटोतलं कुठलंही माप घ्या, दीडपट करा आणि पुठ्ठ्यावर आखा. पाचवीत दशांश अपूर्णांक कशाला शिकायचे, असं विचारणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

बांधणी अशी करा. पुठ्ठ्यावर आधी जमिनीची एक सरळ रेघ मारा आणि सगळ्या उंच्या तिथून मोजा. गाडीच्या दोन्ही बाजू आखून घ्या. त्यात खिडक्या आणि चाकांवरच्या कमानी कापा. कमान टोपणापेक्षा थोडी मोठी ठेवा, नाहीतर चाक अडकेल. (कटर मोठ्या माणसांच्या हातात. हा नियम मोडायचा नाही.) दोन बाजूंच्या मध्ये चार-पाच आडवे पुठ्ठे उभे करून त्यांना धरून ठेवा. खाली तळ बसवा. चाकांच्या जागी तळाला खाचा पाडा, म्हणजे टोपणं निम्मी आत जातील आणि जाड दिसणार नाहीत. तळाला खालून रिफिलीचा तुकडा आडवा चिकटवा, त्यातून अगरबत्तीची काडी ओवा आणि काडीच्या दोन्ही टोकांना टोपणं बसवा. काडी जमिनीपासून १५ मिलिमीटरवर यायला हवी. का बरं? टोपणाची त्रिज्या आठवा!

बॉनेट, टप आणि डिकी ड्रॉइंग पेपरने मढवा. पद्मिनीचे कोपरे गोलसर असतात. तिथे कागदाचे छोटे कपटे पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून थरावर थर लावा. दोन दिवस वाळू द्या, मग पॉलिश पेपरने हलकेच घासा. सगळ्या गाडीला पातळ फेव्हिकॉलचा एक हात द्या, म्हणजे कागद रंग पिणार नाही. रंगवताना टप आधी पिवळा. तो पुरता वाळला की त्याच्या कडेला चिकटपट्टी लावून खाली काळा. उलट केलंत तर काळ्यावर पिवळा चढवता चढवता डबी संपेल. आणि हो, रंग खिडक्या उघड्या ठेवूनच द्यायचा.

इथपर्यंत तयार झाली ती कुठलीही पद्मिनी. आता तिला एक ठराविक पद्मिनी करायची. या छंदातली खरी मजा इथेच आहे. अमेरिकेत एएमटी नावाच्या कंपनीने १९५८ पासून 'एकात तीन' असे संच काढले. एकाच संचातून साधी गाडी बनवा, शर्यतीची बनवा, नाहीतर मनासारखी सजवलेली बनवा. तिथल्या मुलांना याचं वेड लागलं, कारण दोन घरांत एकसारखी गाडी राहिलीच नाही.

आपणही तेच करू. टपावर सामानाचं कॅरिअर हवं, ते खराट्याच्या काड्यांचं करा. नंबरप्लेट पिवळी, अक्षरं काळी. जुना यांत्रिक मीटर पुढच्या काचेजवळ, डाव्या हाताला, गाडीच्या बाहेर. चाकाची लोखंडी तबकडी १४ इंची, म्हणजे ३५६ मिलिमीटर. विसाने भागलं की जवळजवळ १८. तेवढा चंदेरी कागद गोल कापून टोपणाच्या मधोमध चिकटवा, भोवताली काळं ठेवा. पुढे लिंबू-मिरची टांगायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा!

बाकीचं मोठ्यांना विचारा. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांनी मुंबईत पस्तीस वर्षं टॅक्सी चालवली. नातवाने हौसेने दोन सीटांच्या मध्ये गिअरचा दांडा बसवला होता. आजोबांनी मॉडेल हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "अरे, दांडा इथं नव्हता रे. स्टेअरिंगच्या दांडीला असायचा. पुढची सीट अखंड होती, तीन माणसं बसायची." मग टपाला आतून कसलं फुलाफुलांचं कापड होतं, देवाची तसबीर कुठे होती, गाडीचा नंबर काय होता, सगळं निघालं. आजोबांकडे त्या गाडीचा एकही फोटो नव्हता. आता ती टॅक्सी त्यांच्या टीव्हीशेजारी उभी आहे, त्याच नंबराची.

आता दोन शब्द पालकांसाठी. "पुठ्ठे कापत बसण्यापेक्षा अभ्यास कर" असं म्हणण्याआधी हे जरूर वाचा. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीच्या फिशर बॉडी विभागाने १९३० पासून १९६८ पर्यंत किशोरवयीन मुलांसाठी मॉडेल बनवण्याची स्पर्धा चालवली. बक्षीस होतं शिष्यवृत्ती. सुरुवातीला नेपोलियनच्या काळातली घोडागाडी हुबेहूब बनवावी लागे, पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार. १९४७ मध्ये तिथे पहिला आलेला चक जॉर्डन नावाचा मुलगा पुढे त्याच कंपनीत गेला आणि १९८६ मध्ये मोटारींच्या रचनेचा प्रमुख झाला. एक गोष्ट मात्र खटकते. त्या स्पर्धेत मुलींना प्रवेशच नव्हता. आपल्या घरात तसं होऊ देऊ नका. पट्टी आणि पॉलिश पेपर मुलीच्याही हाती द्या.

प्रत्येक मूल इंजिनिअर होईल असं मी म्हणत नाही. पण बाजारातून तयार 'प्रोजेक्ट' विकत आणून वर आपलं नाव घालणारी मुलं मी दर वर्षी पाहते. त्यांना विचारलं, "हे इतकंच लांब का?" तर ती गप्प उभी राहतात. स्वतः विसाने भागलेल्या मुलाला मात्र उत्तर येतं. म्हणून कटर तेवढा तुम्ही चालवा, बाकी हात लावू नका. डावी बाजू उजवीपेक्षा दोन मिलिमीटर मोठी झाली तर होऊ द्या. ते त्याचं त्यालाच सापडेल, आणि पुढच्या गाडीत होणार नाही.

मुलांनो, तुमच्या गावात टॅक्सी नव्हती? मग दारातली रिक्षा घ्या, शेजारच्या काकांचा टेम्पो घ्या. काकांना विचारून टेप लावा. आधी चाक मोजा, मग घरात त्याच्या जोडीचं टोपण शोधा आणि भागाकार करा. तुमचं प्रमाण किती आलं, ते मला पत्राने नक्की कळवा. आणि एकाच गल्लीतल्या दोघांनी गाड्या करायच्या ठरवल्या, तर प्रमाण एकच ठेवा हं. नाहीतर तुमच्या रिक्षावाल्याला त्यांच्या टॅक्सीवाल्याशी बोलायला शिडी लागेल!