चिखलातली बुरशी ओळखायची कशाला?

ओहोटीच्या वेळी खाडीकाठी गेलात, तर खारफुटीच्या मुळांपाशी सडक्या अंड्यासारखा वास येतो. आपण नाकाला रुमाल लावून पुढे जातो. पण त्याच चिखलात असंख्य प्रकारची बुरशी राहते. गळलेली पाने आणि लाकूड यांतील सहज न कुजणारे घटक ती फोडते. खेकडे-कोळंबीच्या अन्नाची सुरुवात तिथूनच होते.

आपल्या औषधांशीही अशा जागांचे नाते आहे. १९४५मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावर जुझेप्पे ब्रोत्झू यांना सांडपाणी समुद्राला मिळते तिथे एक बुरशी सापडली. आज सर्रास वापरली जाणारी सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविके तिच्यातूनच आली.

अडचण आहे ती ओळख पटवण्याची. चिखलाचा नमुना पातळ करून पोषक आगरावर पसरतात, उगवलेल्या बुरशीचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पण ॲस्परजिलस, पेनिसिलियम यांसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या बुरशी सगळी बशी व्यापतात आणि संथ वाढणाऱ्या दिसतच नाहीत. म्हणून थेट चिखलातून डीएनए काढून त्यातला ‘आयटीएस’ हा भाग वाचतात. मात्र ती बुरशी तिथे जगत होती की तिचा बीजाणू नुसता वाहत आला होता, हे डीएनए सांगत नाही. जवळच्या प्रजाती वेगळ्या करायला कित्येकदा आयटीएसही पुरत नाही, आणखी जनुके तपासावी लागतात. त्यामुळे दोन्ही पद्धती हव्यात आणि जिवंत नमुना जपलेला हवा. नाव चुकले आणि नमुनाही गेला, तर उपयुक्त रसायन सापडल्याचा दावा पुन्हा पडताळता येत नाही.

खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्ये म्हटले. तरीही सार्वजनिक प्रकल्पांसाठी परवानगीची वाट खुली आहे. तेव्हा चर्चा होते ती झाडांची: इतकी तोडणार, तितकी लावणार. चिखलाबद्दल कोणी विचारत नाही. रोप दुसरीकडे लावता येते, पण वर्षानुवर्षे साठलेला गाळ आणि त्यातले जीवन उचलून नेता येत नाही.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. तोडीला परवानगी देण्याआधी तिथल्या चिखलाचे नमुने तपासून बुरशी अशा संग्रहात ठेवणे बंधनकारक करावे. त्याने झाडे वाचणार नाहीत, हे खरे. पण आपण काय गमावतो आहोत, हे निदान कागदावर तरी येईल.